गावोगावचा पिझ्झा

परगावी गेलेल्या माणसाने प्रथम काय पाहावे, याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. कोणी देवळे पाहतो, कोणी किल्ले, कोणी पदार्थसंग्रहालये. आमचे मत असे की, त्या गावचा सामान्य मनुष्य भूक लागली असता कोठे जातो, हेही पाहून ठेवावे. कोल्हापूरची मिसळ आणि पुण्याची मिसळ यांचे नाव एक. पण त्यांतील अंतर त्या दोन गावांच्या स्वभावांतील अंतराहून फारसे कमी नाही. हाच न्याय पिझ्झ्यास लावून पाहावा. आमच्या मुलाबाळांस चौकाचौकांतील दुकानांमुळे एकाच साच्याचा म्हणून ठाऊक झालेला हा पदार्थ केवढ्या इतिहासाचा साक्षीदार आहे, हे मग ध्यानात येते.

पिझ्झ्याचे माहेर नेपल्स. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हे शहर दाटीवाटीने भरलेले होते. ज्यांच्या खोलीत चूल मांडण्यास जागा नाही आणि गाठीस सर्पणापुरताही पैसा नाही, अशा हमालांनी, कोळ्यांनी व मजुरांनी खावे काय? भट्टीवाल्याकडील पातळ पोळी. तीवर तेल किंवा चरबी, लसूण, ऐपतीप्रमाणे चीज अथवा लहान मासळी, आणि टोमॅटो. हा टोमॅटो, आपल्याकडील मिरची व बटाटा यांच्याप्रमाणेच, अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात पिझ्झ्यास बाजाराचा तापमापक म्हटले आहे. कारण मासळी, तेल वा चीज यांची स्वस्ताई किंवा टंचाई पिझ्झ्याच्या भावात तत्काळ दिसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु सर्वच सुशिक्षितांची दृष्टी द्यूमाएवढी मोकळी नव्हती. तारायंत्राचा पुढे प्रसिद्धीस आलेला शोधक सॅम्युएल मोर्स १८३१ च्या सुमारास इटलीत होता. त्याला पिझ्झा गटारातून काढलेल्या पावाच्या तुकड्यासारखा भासला. ‘पिनोकियो’ लिहिणारा कार्लो कोलोदी हा तर स्वतः इटालियन, पण फ्लॉरेन्सचा. त्यानेही १८८६ च्या आपल्या बालबोध प्रवासपुस्तकात पिझ्झ्याच्या मळकट रूपाची थट्टाच केली. या दोघांनीही पदार्थाचे वर्णन करता करता तो खाणाराचेच वर्णन केले, हे उघड आहे. गरिबाच्या ताटाकडे पाहताना शहाण्यांच्याही नाकास मुरड पडते, ती अशी.

मग या पदार्थास प्रतिष्ठा आली कशी? सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी की, १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोसितो या पिझ्झेवाल्याने टोमॅटो, मोझरेला व तुळशीच्या कुळातील हिरवी पाने घालून राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा तिला पाठविला, आणि तिला तो आवडल्याचे पत्र राजवाड्यातून आले. कथा गोड आहे. परंतु झॅकरी नोवाक या अभ्यासकाने २०१४ साली त्या पत्राची छाननी करून त्याच्या खरेपणाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. शिवाय मोझरेलाचे काप व तीच सुवासिक पाने घातलेल्या पिझ्झ्याचा उल्लेख नेपल्सच्या चालीरीतींवरील एका ग्रंथात त्या भेटीच्या वीस वर्षांहून अधिक अगोदर आलेला आहे. कोळ्यांनी व हमालांनी घडविलेली वस्तू सभ्य लोकांच्या ताटात येण्यास राणीच्या नावाची शिफारस लागावी, यातच त्या काळाचे मर्म आहे.

माटिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ च्या आपल्या पुस्तकात एका नेपल्सकराची हकीकत दिली आहे. त्याने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढले. प्रथम कुतूहलाने गर्दी लोटली, नंतर ओसरली. आपल्या वातावरणातून उपटल्यावर पिझ्झा तेथे विसंगत वाटू लागला, असे तिचे निदान. तिचे निरीक्षण खरे होते, मात्र भविष्य तिला दिसले नव्हते. पिझ्झा परगावी रुजला खरा; पण प्रत्येक ठिकाणी तेथलाच होऊन रुजला.

नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सियस उष्णतेवर तो ६० ते ९० सेकंदांत निघतो व मऊ राहतो. रोममध्ये तो मोठ्या लांबट पत्र्यांवर भाजून, कापून, वजनावर विकतात. पालेर्मोचा ‘स्फिंचोने’ जाड, कांदा व पावाचा चुरा घातलेला. समुद्रापलीकडे न्यू हेवनमध्ये, जेथे फ्रँक पेपे याने १९२५ साली दुकान घातले, दगडी कोळशाच्या भट्टीने त्यास काळसर कड दिली आणि जवळच्या समुद्राने पुढे त्यावर तिसऱ्याही चढविल्या. डेट्रॉइटमध्ये १९४६ पासून तो चौकोनी झाला. मोटारींच्या कारखान्यांतील पोलादी तबकड्या त्याच्या कामी आल्या, असे सांगतात. ब्वेनोस आयरेस येथे जिनोआहून गेलेल्या लोकांनी त्याच्यावर हरभऱ्याच्या पिठाची पोळी ठेवून खाण्याची चाल पाडली. जेथे जी भट्टी, जे सर्पण आणि जो धंदा, तेथे तसा पिझ्झा! यांपैकी एकास खरा व इतरांस भ्रष्ट ठरविणे म्हणजे बोलीभाषेस अशुद्ध म्हणण्यासारखे आहे.

आता प्रवाशाने चांगले दुकान ओळखावे कसे? याचा धडा आम्हांस नेपल्सनेच शिकविला. काही वर्षांपूर्वी तेथे गेलो असता पहिल्या संध्याकाळी समुद्रकाठच्या एका झगझगीत उपाहारगृहात आम्ही जेवलो. पदार्थांची यादी सचित्र व पाच भाषांत होती; पिझ्झा मात्र कोणत्याच भाषेत बोलेना. दुसऱ्या दिवशी उतारगृहाच्या दारवानास ‘चांगले दुकान कोणते?’ असे न विचारता ‘तुम्ही स्वतः कोठे खाता?’ असे विचारले. तो किंचित संकोचला. अशा ठिकाणी पाहुण्यास पाठवावे की नाही, असा प्रश्न त्यास पडला असावा. त्याने दाखविलेल्या बोळात खुर्ची नव्हती. चौघडी घालून कागदात दिलेला टोमॅटो-लसणाचा पिझ्झा गवंडी, विद्यार्थी व कारकून यांच्या रांगेत उभ्याने खाल्ला. आमच्या सौभाग्यवतींनी दुसरा मागितला, यापरते प्रमाणपत्र आम्हांस नको होते.

२०१७ साली नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांच्या कलेस युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. आनंदाची गोष्ट. पण त्या दारवानाचा संकोच आमच्या मनातून जात नाही, कारण तो आमच्या परिचयाचा आहे. पाहुणे आले म्हणजे आपणही भाकरी व पिठले आत ठेवून बाहेरचे काही मागवितो. त्यांस आधी राणीचे पत्र यावे, अशी वाट आपण पाहत बसू नये, एवढेच आमचे सांगणे.