एकवीस या आकड्याचा अंमल

डोळ्याचे प्रेशर 21च्या आत आहे म्हणजे काचबिंदू नाही, ही समजूत नेत्रतपासणी शिबिरांपासून चष्म्याच्या दुकानांपर्यंत घट्ट रुजलेली आहे. ती धीर देते आणि म्हणूनच ती घातक ठरते. 21 मिलिमीटर पारा ही रेषा डोळ्याच्या रचनेत कुठेही आखलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर निरोगी माणसांच्या मोजमापांवर केलेल्या एका गणिती हिशेबातून ती निघाली आणि पुढची काही दशके तिने रोगाची व्याख्याच आपल्या ताब्यात ठेवली. काचबिंदू हा डोळ्याच्या नसेचा आजार आहे. वाढलेला दाब हे त्यामागचे सर्वांत बलवान कारण असले तरी तो दाब म्हणजे आजार नव्हे. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात वैद्यकाच्या जवळजवळ हाती आली होती. मग ती निसटली आणि परत मिळवायला शंभराहून अधिक वर्षे गेली. ती का निसटली हे नीट पाहिले, तर आजची तपासणी कशी असावी याचे उत्तरही त्यातून मिळते.

ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांनी 1830 साली आपल्या नेत्रवैद्यकाच्या ग्रंथात काचबिंदूचा डोळा बोटाला टणक लागतो हे स्पष्ट लिहून ठेवले. त्या काळी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याची सोय नव्हती, म्हणून बोटाची परीक्षा हीच मुख्य परीक्षा होती. 1851मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा मागचा पडदा दाखवणारे उपकरण जगापुढे आणले आणि सारे चित्र पालटले. बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे आणि त्यांच्या काळचे तज्ज्ञ काचबिंदूच्या डोळ्यात नसेचे मुख पाहू लागले. त्या उपकरणातून खोलीचा अंदाज येत नसे, त्यामुळे सुरुवातीला त्यांना ते मुख फुगलेले वाटले. शरीररचनाशास्त्रज्ञ हाइन्रिख म्युलर यांनी मृत रुग्णांचे डोळे कापून तपासले तेव्हा तिथे फुगवटा नसून खळगा आहे हे दिसले. ग्रेफे यांनी आपले मत बदलले आणि 1857मध्ये बुबुळाचा छोटा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया काचबिंदूवर उपाय म्हणून मांडली. अचानक दुखून लाल होणाऱ्या, झपाट्याने नजर घालवणाऱ्या प्रकारावर तोवर इलाजच नव्हता. या शस्त्रक्रियेने असंख्य लोकांची दृष्टी वाचवली.

याच वर्षांत ग्रेफे यांना असेही रुग्ण दिसत होते, ज्यांची नजर हळूहळू जात होती, नसेला तसाच खळगा पडला होता, पण डोळा बोटाला टणक लागत नव्हता. अशा रुग्णांचा त्यांनी वेगळा गट केला. 1862मध्ये नेदरलँड्सच्या डॉन्डर्स यांनी हा मंद, वेदनारहित प्रकारही काचबिंदूच होय आणि त्यामागेही दाबच आहे असे मांडले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. हा एकच आजार आहे हे डॉन्डर्सना दिसले. दाब वाढलेला न जाणवताही नस मरू शकते हे ग्रेफे यांनी नोंदवले. पुढच्या पिढ्यांनी पहिले सत्य उचलले आणि दुसरे बाजूला पडले. नसेकडे नेणारी वाट मात्र बंद झाली नव्हती. कोपनहेगनच्या यान्निक ब्येरुम यांनी 1889मध्ये आपल्या खोलीच्या दाराची मागची बाजू पडदा म्हणून वापरली, त्यावर छोटे पांढरे ठिपके फिरवून रुग्णाच्या नजरेत कुठे पोकळी आहे हे शोधले आणि काचबिंदूत ही पोकळी कमानीच्या आकाराची असते हे दाखवले. आजची फील्ड टेस्ट त्या दाराचीच वंशज आहे. पण ही तपासणी वेळखाऊ होती, रुग्णाच्या चिकाटीवर आणि डॉक्टरच्या कौशल्यावर अवलंबून होती. 1905मध्ये नॉर्वेच्या ह्याल्मार श्योत्झ यांनी डोळ्यावर टेकवताच दाब मोजणारे सुबक यंत्र दिले. काही क्षणांत हाती आकडा येई. ज्या गोष्टीचा आकडा मिळतो तीच खरी मानण्याकडे वैद्यकाचा कल असतो, आणि इथेही तेच घडले.

उपचारांनीही दाबाचेच पारडे जड केले. स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता; पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बियांपासून काढलेल्या द्रव्याने दाब उतरतो हे त्यांनी 1876मध्ये दाखवले. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात काम करणारे रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1909मध्ये कॉर्नियाच्या कडेशी गोल छिद्र पाडून आतल्या पाण्याला बाहेर वाट करून देणारी शस्त्रक्रिया सुरू केली आणि ती जगभर पोचली. 1968मध्ये केम्ब्रिजच्या केर्न्स यांनी वर्णन केलेली शस्त्रक्रिया आजही वापरात आहे. तिचेही सूत्र पाण्याला वाट देणे हेच आहे. 1978मध्ये टिमोलॉल आणि 1996मध्ये लॅटानोप्रॉस्ट हे थेंब अमेरिकेत मंजूर झाले. यातला प्रत्येक उपाय दाब कमी करत होता आणि प्रत्येकाचा उपयोग होत होता. मग दाब हाच रोग, हा निष्कर्ष सहज निघाला.

या निष्कर्षाला आकड्याचे रूप 1958मध्ये मिळाले. जर्मनीत लायडहेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार निरोगी माणसांचा दाब मोजला. सरासरी साडेपंधराच्या आसपास आली. सांख्यिकीतल्या रिवाजाप्रमाणे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलने मोजली, तेव्हा रेषा साडेवीसच्या जवळ पडली. व्यवहारात ती 21 झाली. मोजणी प्रामाणिक होती आणि त्या रेषेवरचा दाब संशयास्पद समजावा एवढेच तिचे सांगणे होते. चूक झाली ती पुढच्या वापरात. अशी रेषा कोणत्याही मोजमापावर काढता येते, उंचीवर किंवा वजनावरही, आणि तिच्या वर काही निरोगी माणसे असणारच. रेषेच्या वर गेल्याने माणूस आजारी ठरत नाही, खाली राहिल्याने सुरक्षित ठरत नाही. शिवाय दाब दिवसभरात वरखाली होत असतो. सकाळी 24 असलेला डोळा दुपारी 18 दाखवू शकतो. तरीही 'संशयास्पद'चे 'रोगट' झाले आणि रेषेखालच्या माणसाला घरी पाठवले जाऊ लागले.

रेषेविरुद्धचा पहिला भक्कम पुरावा वेल्समधल्या फर्नडेल या खाणगावातून 1966मध्ये आला. हॉलोज आणि ग्रॅहम यांनी रुग्णालयात आलेले लोक न निवडता गावातली चाळिशीपुढची जवळजवळ सारी माणसे तपासली. दाब जास्त पण नस धडधाकट अशी माणसे खऱ्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक निघाली आणि दाब साधारण असतानाही नस गेलेले रुग्ण सापडले. 1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्टिमोरच्या सर्वेक्षणात काचबिंदू असलेल्या सुमारे निम्म्या डोळ्यांचा दाब एका तपासणीत 21च्या खाली होता, आणि निम्म्या रुग्णांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. जपानमधल्या ताजिमी शहराच्या 2004मधल्या अहवालाने तर उघड्या कोनाच्या, म्हणजे आतले पाणी वाहून जाण्याचा कोन मोकळा असलेल्या, काचबिंदूचे 92 टक्के रुग्ण रेषेच्या आत असल्याचे दाखवले. दुसऱ्या बाजूने अमेरिकेतला मोठा प्रयोग 2002मध्ये पुढे आला. 24 ते 32 दाब असलेल्या, पण नस शाबूत असलेल्या 1,636 लोकांपैकी निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी थेंब न घेतलेल्यांत 9.5 टक्क्यांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांत 4.4 टक्क्यांना. म्हणजे उपचाराने धोका निम्म्यावर आला हे खरे, पण उपचाराविना राहिलेल्या दहापैकी नऊ जणांना पाच वर्षांत काहीच झाले नाही हेही तितकेच खरे.

त्याच प्रयोगाने आणखी एक गोष्ट समोर आणली, जी महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे. ज्यांचा कॉर्निया पातळ होता त्यांना काचबिंदूचा धोका कितीतरी जास्त निघाला. यामागचे एक कारण यंत्राच्या गणितात आहे. हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात बनवलेले, आजही प्रमाण मानले जाणारे यंत्र कॉर्निया किंचित सपाट करून दाब मोजते. कॉर्निया पातळ असेल तर तो सहज दबतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. अमेरिकी प्रयोगातल्या लोकांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी 570 मायक्रॉनच्या पुढे होती. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 2006 ते 2008 या काळात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या पाहणीत 4,711 माणसे तपासली गेली; त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी 514 मायक्रॉनच्या आसपास निघाली. जर्मन माणसांवर आखलेली रेषा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यावर जशीच्या तशी लावली, तर ती त्याला खोटा दिलासा देण्याची शक्यता अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की उपचार जर दाबावरच होतो, तर दाबालाच रोग मानण्यात बिघडले काय? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. दाब साधारण असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 1998मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाब 30 टक्क्यांनी उतरवला तेव्हा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण 35 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. स्वीडनमधल्या अभ्यासाने दाखवले की दर एक मिलिमीटर उतारासरशी धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. थेंबांऐवजी सुरुवातच लेझरने करावी का, हे तपासणाऱ्या 2019च्या ब्रिटिश प्रयोगात लेझर घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षे थेंब लागले नाहीत, आणि 2022पासून तिथल्या सरकारी मार्गदर्शनात लेझरला पहिला मान मिळाला. हे सारे दाबाचेच उपचार आहेत. पण नीट पाहिले तर हाच पुरावा 21च्या विरुद्ध जातो. रेषेखालच्या रुग्णालाही दाब उतरवल्याने फायदा होतो आणि फायदा प्रत्येक मिलिमीटरला होतो. म्हणजे धोका चढत्या उतारासारखा आहे, मध्ये कुठे उंबरठा नाही. उपचाराचे हत्यार दाब आहे म्हणून निदानाची खूणही दाबच असावी, असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. खेड्यातल्या शिबिरात शेकडो माणसे, एखाद-दुसरा डॉक्टर. तिथे झटपट आकडा मिळतो, नस पाहायला वेळ कुठून आणावा? याचे उत्तर असे की ज्या चाळणीतून जवळजवळ निम्मे रुग्ण निसटतात ती झटपट असून उपयोगाची नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नसेचे मुख पाहायला महागडे यंत्र लागत नाही. दुसरे म्हणजे आपल्याकडे कोन अरुंद असण्याचा प्रश्न मोठा आहे. बुबुळ आणि कॉर्निया यांच्यातल्या ज्या कोनातून पाणी वाहून जाते तो उघडा आहे की मिटत चालला आहे, यावर ऑटो बार्कन यांनी 1938मध्ये काचबिंदूची विभागणी केली. वेल्लोरच्या 1998च्या अहवालात मिटलेल्या कोनाचे रुग्ण 4.32 टक्के आणि उघड्या कोनाचे 0.41 टक्के होते. दक्षिण तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या 2003च्या पाहणीत हेच प्रमाण 0.5 आणि 1.7 असे उलटे दिसले. इतका फरक दिसण्यामागे व्याख्यांतला फरक हेही कारण आहे, आणि 2002मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने नसेची हानी हाच निकष ठेवला तो याच गोंधळामुळे. पण कोन न तपासता केवळ दाब मोजणारे शिबिर दोन्ही प्रकारांत चुकते, एवढे या आकड्यांवरून नक्की दिसते.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. मग सर्वांची आधुनिक यंत्रांनी तपासणी का करू नये? अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य मंडळाने 2022मध्ये सरसकट तपासणीसाठी पुरेसा पुरावा नाही असेच मत दिले, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त साधने असलेल्या देशाचे ते मत आहे. आपली साधने जिथे धोका जास्त आहे तिथे लावली पाहिजेत. रॉटरडॅमच्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांच्या सख्ख्या नातलगांना आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता 22 टक्के, तर इतरांच्या नातलगांना 2.3 टक्के निघाली. म्हणून रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांना आणि मुलांना बोलावणे हे सर्वांत स्वस्त आणि फलदायी पाऊल आहे. डॉक्टरला न विचारता महिनोन्महिने स्टेरॉइडचे थेंब घालणारे, जाड उणे नंबरचा चष्मा असलेले आणि मोतीबिंदूसाठी आधीच रांगेत उभे असलेले चाळिशीपुढचे लोक हा दुसरा गट. नसेचे सुमारे 40 टक्के तंतू गेले तरी त्या काळची फील्ड टेस्ट शाबूत दिसू शकते, हे क्विग्ली यांनी 1982मध्ये दाखवले. त्यामुळे तक्रार येण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर पत्करणे.

आणि यंत्रांबद्दल सावध राहण्याचे कारण याच इतिहासात आहे. 1991मध्ये पुढे आलेले ओसीटी तंत्र नसेच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांगते आणि निरोगी डोळ्यांच्या संग्रहाशी तुलना करून अहवालात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरते. जाड उणे नंबराचा निरोगी डोळाही तिथे लाल ठरू शकतो, आणि तंतू झडत असलेला डोळा बराच काळ हिरवा राहू शकतो. सरासरीपासूनच्या अंतरावर रोग ठरवण्याची 1958ची चूक रंगीत कागदावर पुन्हा होऊ शकते. संगणकाला छायाचित्रे दाखवून निदान शिकवतानाही होऊ शकते. म्हणून रुग्णाने प्रेशर किती एवढे विचारून थांबू नये. नसेचे मुख पाहिले का, कोन तपासला का, कॉर्नियाची जाडी मोजली का, आणि मागच्या वर्षीच्या तुलनेत काय बदलले, हे चार प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली मात्र बहुतेकांना आयुष्यभर पुरवता येते, जर आकड्याच्या पलीकडे जाऊन नस वेळेवर पाहिली गेली तर.