बारा व्होल्टची उलटगणती

१४० तास बाकी. रविवार, २१ जुलै २०१९, रात्री ९

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीत गाडी स्टिल्टखाली लागते. ही गाडी कुणा एका घराची नाही, नमुन्यादाखल धरलेली आहे. पुढे येणारा पाऊस, नदी आणि आगगाडी मात्र खरी.

सात वर्षं जुनी हॅचबॅक. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तिसऱ्या वर्षात. कागदावर ३५, पण वय झालेल्या बॅटरीत प्रत्यक्षात सत्तावीस-अठ्ठावीस मावतात. आज घरचे सगळे अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन, तिथून उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कपडे घेऊन आले. अंतर किरकोळ, वेळ भरपूर. पाऊस, वायपर, हेडलाइट, एसी, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं. इंजिन मंद फिरतं तेव्हा अल्टरनेटर (जुने वायरमन त्याला अजून डायनॅमोच म्हणतात) जेमतेम वरखर्च भागवतो. बॅटरीत भरणा होत नाही. त्यामुळे फिरून आलेली गाडी 'चार्ज होऊन' आली असं घरच्यांना वाटतं, प्रत्यक्षात बॅटरीत २२ अँपिअर-अवर शिल्लक आहेत.

रिमोट दाबला. टीक-टीक. गाडी झोपली.

झोपली असं आपण म्हणायचं. बंद गाडीतही घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची आठवण यांना थोडा करंट लागतोच. निरोगी गाडीत तो ५० मिलीअँपिअरच्या आत असतो. या गाडीत तो १५० आहे. मागे एका दिवाळीत मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला, तेव्हा कपलर न वापरता कंपनीची वायर सोलून तिथे नवी वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. चावीने बंद होणारी लाइन शोधायचा कंटाळा म्हणून थेट बॅटरीची लाइन दिली. स्क्रीन काळी होते, पण आतला अ‍ॅम्प्लिफायर जागाच राहतो.

१३२ तास. सोमवार, पहाटे ५

घरातले दोघं लोकलला निघाले. स्टेशनपर्यंत रिक्षा. गाडी आहे तिथेच.

बदलापूर-अंबरनाथकडच्या मोटारींच्या बॅटऱ्या का बसतात याची कारणं गॅरेजमध्ये बरीच सांगतात: पाणी कमी, माल हलका, उंदरांनी वायर कुरतडली. मला सगळ्यात मोठं कारण मध्य रेल्वेचं वेळापत्रक वाटतं. ज्या गावाची कमावती माणसं पहाटे लोकलने जातात आणि रात्री लोकलनेच परततात, त्या गावात मोटार ही रविवारची वस्तू होते. सहा दिवस ती फक्त उभी असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला सगळ्यात बाधतं ते अर्धवट चार्जवर उभं राहणं. आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, जुने झाले की ते विरघळत नाहीत, आणि तेवढी जागा कायमची जाते.

६८ तास. बुधवार, रात्री ९

११ अँपिअर-अवर उरले. आता चावी फिरवली असती तर सेल्फने थोडी कुरकुर केली असती, पण गाडी सुरू झाली असती. बुधवारी रात्री नऊ वाजता कुणी कशाला चावी फिरवेल?

या गाडीची बॅटरी याआधी दोनदा बसली होती. पहिल्यांदा सोसायटीतल्या चौघांनी धक्का मारला, दुसऱ्यांदा सरळ नवी बॅटरी घेतली. दुकानदाराने मशीन लावून 'बॅटरी वीक' असा कागद दाखवला. तो खोटा नव्हता, बॅटरी वीक होतीच. पण ती कशाने वीक झाली हे त्या मशीनला विचारता येत नाही. त्यासाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मध्ये मीटर लावावा लागतो, गाडी लॉक करून आतले कॉम्प्युटर झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं आणि मग एकेक फ्यूज काढून कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघावं लागतं. हे तासाभराचं काम आहे. त्यात विकायला काही नाही आणि गिऱ्हाईक शेवटी म्हणणार, 'एक फ्यूज काढायचे एवढे पैसे?' बॅटरी दहा मिनिटांत बसते, जुनीचे पैसे वळते होतात, वॉरंटीचं कार्ड मिळतं. दोघेही खूश. या व्यवहारात कुणी लबाड नसतं आणि म्हणूनच तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा होतो.

४२ तास. गुरुवार, रात्री ११

७ उरले.

२० तास ४० मिनिटं. शुक्रवार, २६ जुलै, रात्री ८.२०

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटण्याची वेळ. पाऊस लागलेलाच आहे.

तारीख २६ जुलै. बदलापूरकरांना ती सांगावी लागत नाही. २००५ साली याच तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. देशाच्या लक्षात मुंबई राहिली, पण उल्हासकाठची गावंही त्या दिवशी बुडाली होती.

उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून उतरते, कर्जत-नेरळवरून बदलापूरला येते आणि पुढे उल्हासनगर, कल्याणकडे जाते. उन्हाळ्यातही ती आटत नाही याला एक कारण वीज आहे. टाटांचं भिवपुरीचं वीजगृह १९२२ पासून चालू आहे. घाटावरचं पाणी तिथे टर्बाइन फिरवून खाली सुटतं आणि पेज नदीतून उल्हासला मिळतं. बदलापूरच्या बॅरेजवर नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५० मीटर. पण गावात किती पाऊस पडतोय यावरून नदीचा अंदाज येत नाही. कर्जत, माथेरान, घाटमाथा इथे काय चाललंय ते काही तासांनी बदलापूरला कळतं, तेही पाण्याच्या रूपाने.

१८ तास. शुक्रवार, रात्री ११

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: गेटपाशी पाणी, गाड्या काढा. नदी रेल्वेच्या पश्चिमेला, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच जागा: पूर्वेला नेणारा उड्डाणपूल.

घरचे छत्री घेऊन खाली उतरले. रिमोट दाबला. टीक-टीक, चारही इंडिकेटर लुकलुकले. चला, आहे चालू.

फसवणूक होते ती इथे. लॉक उघडायला आणि इंडिकेटर लावायला काही अँपिअर क्षणभर पुरतात. सेल्फला शंभर-दीडशे, थंड इंजिनला त्याहूनही जास्त लागतात. ४ अँपिअर-अवर उरलेली बॅटरी पहिली मागणी हसत पुरवते, दुसरीला कोसळते. चावी फिरवली. टक-टक-टक-टक. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज नवाच्या खाली आपटतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. डॅशबोर्डचे दिवे त्या तालावर मंद-तेज होत राहतात.

१७ तास ४० मिनिटं. रात्री ११.२०

जंपर केबल तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. काका केबल घेऊन आले, पण ज्यांच्या गाडीवरून जंप द्यायची ते पुलाकडे निघून गेलेले. धक्का द्यायचा तर स्टिल्टमधून गेटकडे चढ आणि गेटबाहेर गुडघाभर पाणी. ही गाडी निदान न्यूट्रलला येते. शेजारी एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) गाडी आहे, तिचीही बॅटरी बसलेली, आणि ती गिअरमध्ये उभी केलेली. करंट नसेल तर तिचा गिअरच सुटत नाही. चार माणसं लावली तरी जागची हलत नाही.

सव्वाबाराला सगळे वर गेले.

१५ तास ३० मिनिटं. शनिवार, २७ जुलै, रात्री १.३०

गाडीत पाणी दारातून यावं लागत नाही. फरशीच्या पत्र्याला रबरी बुचं लावलेली भोकं असतात, वायरिंगच्या वाटा असतात. कार्पेट आधी खालून भिजतं. त्याच्याखाली वायरिंगची मुख्य जुडी, सीटखालचे कनेक्टर, दाराच्या उंबऱ्याशी अर्थचे बोल्ट. मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ जमिनीलाच, एअरबॅगचा कॉम्प्युटर.

गढूळ पाणी करंट थोडाथोडा वाहून नेतं. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, पण पाण्यात बुडालेल्या दोन पिनांमध्ये तो करंट वाहू लागला की तांबं विरघळू लागतं. स्टिल्टमधल्या ज्या गाड्यांच्या बॅटऱ्या ठणठणीत होत्या त्यांनी आता आपोआप चाळे सुरू केले. एकीचा हॉर्न लागून राहिला, दुसरीचे वायपर सुटले, तिसरीचं लॉक उघड-मीट करत बसलं. वरच्या मजल्यांवर मुलं उठून बाल्कनीत आली.

आपली गाडी गप्प आहे. तिच्यात वाहायला फारसा करंटच नाही. करंटच्या ज्या गळतीने तिला पुलावर जाऊ दिलं नाही, तिनेच आता तिच्या पिना वाचवल्या. आणि सेल्फ मारताच येत नसल्यामुळे इंजिनही वाचलं. पाण्यातून गाडी काढायला गेलेल्या एकाचं इंजिन कोपऱ्यावर एका आचक्यात बंद पडलं आहे. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, पिस्टन वर आला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्या रात्री गाडीत बसून राहायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर २००५ आठवावं. मुंबईत बंद मोटारींमध्ये माणसं गेली. काचा विजेच्या, लॉक विजेचं, आणि वीज पाण्यात. दार का उघडत नाही याचं गणित साधं आहे. मीटरभर रुंद दाराच्या खालच्या कडेवर ६० सेंटिमीटर पाणी चढलं की दारावर सुमारे १८० किलो भार येतो. आत-बाहेर पाणी सारखं होईपर्यंत ते दार माणसाला ढकलता येत नाही. म्हणून काच आधी खाली करायची, चाकं बुडायच्या आत. ते जमलं नाही तर हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्याने बाजूची काच कोपऱ्यात फोडायची. पुढची काच फोडायच्या भानगडीत पडू नये, तिच्यात दोन थरांमध्ये प्लॅस्टिक असतं.

पहाट

स्टिल्टमध्ये पाणी सीटपर्यंत. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोली गावाजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस चहूबाजूंनी पाण्यात उभी आहे. आत हजारावर माणसं.

२ तास. दुपारी ३

एनडीआरएफच्या होड्या, नौदल, हवाई दल, पोलीस आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून एक्स्प्रेसमधल्या सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढलं. त्यात नऊ गरोदर बायका. देशभरच्या टीव्हीवर बदलापूर. सगळे सुखरूप.

पाणी ओसरू लागलं. स्टिल्टमध्ये चिखल. गाडीचं दार उघडलं, भळकन पाणी आलं. बाकी गाडी जशीच्या तशी दिसते. इंजिन बघितलं, वरून कोरडं. डिपस्टिक कुणी काढून पाहिली नाही. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, तेवढं बघायला एक मिनिट लागतं.

शून्य. शनिवार, संध्याकाळी ५

पुलावरून गाड्या परतल्या. त्यातली एक समोर लागली. काकांनी केबल आणली. मदत करणाऱ्याचा उत्साह आणि रात्रभरच्या जागरणाची घाई. लाल पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. शेजाऱ्याने आपलं इंजिन रेस केलं, 'मार सेल्फ!'

आठवड्यात पहिल्यांदा गाडीला पोटभर वीज मिळाली, आणि ती भिजलेल्या प्रत्येक कनेक्टरमध्ये, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी शिरली. एअरबॅगचा दिवा, एबीएसचा, स्टीअरिंगचा, इंजिनचा, सगळे पेटले. सेल्फ अर्धा वळसा फिरला. एअर फिल्टरच्या डब्यात रात्रीचं पाणी साचलेलं होतं, ते सिलिंडरमध्ये गेलं. ठक्क. डॅशखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. काकांनी केबल ओढून काढली.

नंतर

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला: पाणी ओसरल्यावर गाडी चालू करायचा प्रयत्न केला होता का? नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असती तर पुराचं काहीच मिळालं नसतं. इथे ओन डॅमेज होतं, म्हणून सीट, कार्पेट, वायरिंग धरलं गेलं. पण पाणी शिरलेलं इंजिन फिरवून झालेलं नुकसान हे पुराचं मानलं जात नाही, ते नंतरच्या कृतीचं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि सात वर्षांच्या गाडीला ते घेतलेलं नव्हतं, बहुधा मिळालंही नसतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. ही त्या रेषेच्या जरा अलीकडे राहिली. म्हणजे सगळ्यात वाईट जागी.

शनिवारी दुपारी तीन वाजता काय करायला हवं होतं, ते कुठलाही चांगला वायरमन सांगेल. दहा नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं, बसलेली बॅटरी असली तरी. चावीला हात लावायचा नाही. गाडी टो करून न्यायची, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यायचं, तेल बदलायचं, सीट-कार्पेट उपसून कनेक्टर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायचे. आठवडा जातो, इंजिन राहतं.

अशा गाड्या रंगरंगोटी होऊन पुढे जुन्या बाजारात येतात, स्वस्तात आणि दुसऱ्या गावात. भिजलेल्या पिनांवर हिरवा थर चढायला काही महिने लागतात. मग कधी काच वर जात नाही, कधी इंडिकेटर दुप्पट वेगाने चालतो, कधी गाडी चौथ्या दिवशी सेल्फ घेत नाही, आणि नवा मालक आधी बॅटरी बदलतो. असली गाडी बघायला गेलात तर वासाकडे जाऊ नका, तो शाम्पूने जातो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या आतल्या भागापर्यंत धुणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही, चिखलाची रेघ तिथे सापडते. आणि ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेट उचलून फ्यूजबॉक्सकडे जाणाऱ्या वायरी बघा. काळी टेप गुंडाळलेली दिसली तर खिशात मीटर असू द्या.