फॅनी पार्क्सची मराठी मांड

फॅनी पार्क्स ही ईस्ट इंडिया कंपनीच्या एका कस्टम्स अधिकाऱ्याची बायको. १८२२ मध्ये नवऱ्याबरोबर कलकत्त्याला आली, पुढे अलाहाबादला बदली. पण ही मेमसाहेब नुसती बंगल्यात बसणारी नव्हती. हिंदुस्तानी शिकली, सतार शिकली, यमुनेतून बोटीने थेट आग्र्याला गेली आणि सगळं डायरीत लिहीत राहिली. १८५० मध्ये त्याचे दोन खंड छापून आले.

१८३५ साली फतेहगढला तिची गाठ पडली बायजाबाई शिंद्यांशी. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतरावांची विधवा, १८३३ मध्ये ग्वाल्हेरची सत्ता गमावलेली. त्यांच्याकडच्या बायका मराठी पद्धतीने मांड टाकून घोड्यावर बसत. फॅनीचं एका बाजूला पाय सोडून बसणं त्यांना अजबच वाटलं. मग फॅनीनेही मराठी वेश करून मांड टाकली, आणि तिला तीच पद्धत पटली!

पुढे गप्पा विधवांच्या हालांवर आल्या. तेव्हा फॅनीने सांगून टाकलं, आमच्या कायद्यात लग्न झालेली बाई नवऱ्याची गुलामच. खरंच होतं ते. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क मिळायला १८८२ उजाडलं. फॅनी १८७५ मध्येच गेली होती.

साहेबाने इथे येऊन बायकांची स्थिती सुधारली, असं आपण सहज म्हणतो. त्याच वेळी त्याच्या घरात काय चाललं होतं, ते मात्र त्याच्याच बायकोच्या डायरीत वाचावं लागतं.