प्रतापसिंह राणे आणि राजभाषा कायदा

मी पेशानं इंजिनिअर. करारातला एकेक शब्द तपासायची खोड इतिहास वाचतानाही जात नाही.

प्रतापसिंह राणे 1972 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे सत्तरीतून निवडून आले आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा विधेयक मंजूर झालं. 30 मे रोजी गोवा घटक राज्य झालं. संघप्रदेशाचे शेवटचे आणि राज्याचे पहिले मुख्यमंत्री तेच.

सत्तरीसारख्या मराठी वळणाच्या मुलखातला माणूस, आणि कोकणीला राजभाषा करणारा! वर्षानुवर्षं मीही या कायद्याचा सगळा राग त्यांच्यावरच काढत होतो. मग कायदा मुळातून वाचला. राजभाषा देवनागरीतली कोकणी, हे खरं. पण सरकारी कामांसाठी मराठीही वापरण्याची तरतूदही त्यात आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देणं, हे मात्र कायद्यात नाही, ते सरकारचं धोरण आहे. दोन आंदोलनांच्या मधून काढलेली ती वाट होती.

म्हणून एका कार्यालयाला मराठीत अर्ज केला. उत्तर आलं इंग्रजीत!

राणे पन्नास वर्षं, 2022 पर्यंत, आमदार होते. त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण कायद्यानं दिलेलं मागायला आपल्यातले किती जण गेले? माझा पुढचा अर्जही मराठीतच जाईल, वर त्या तरतुदीचा आणि धोरणाचा उल्लेख करून.