पोटगी आणि वाटा

‘पोटगी’ हा शब्द ‘पोटा’वरून आला आणि आपली मर्यादाही सांगून गेला. संसार मोडल्यावर बाईला काय मिळावे? पोटापुरते. त्या संसारात तिने काय घातले, हा प्रश्न या शब्दात मावत नाही. वरळी कोळीवाडा डोळ्यांपुढे ठेवून मी हा इतिहास वाचू लागले, तेव्हा ही उणीव अधिक जाणवली. कारण इथली बायको पिढ्यान्‌पिढ्या कमावती आहे. पुरुष होडी दर्यात घालतो, बाई म्हावरं बाजारात विकते. दोघांपैकी एक हात सुटला की धंदाच अडतो.

अशा श्रमिक जातींत काडीमोड आणि पाट या वाटा उच्चवर्णीयांच्या आधीपासून खुल्या होत्या. मात्र त्यांवर जकात होती. लग्नात वरपक्ष देज देई. पुढे बाईने दुसरे घर केले, तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च फेडावा लागे, बहुधा नव्या नवऱ्याला. म्हणजे हिशेबात देणे निघे ते तिच्याच बाजूने. तिने इतकी वर्षे केलेले कष्ट जमेच्या रकान्यात येत नसत.

इंग्रजी न्यायालयांनी ही वाटही अरुंद केली. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात ठरवले. पुढे रखमाबाईंचा खटला गाजला. १८८८ मध्ये तो तडजोडीने मिटला, तेव्हा दादाजी भिकाजींना २,००० रुपये मिळाले आणि त्यांनी रखमाबाईंवरचा हक्क सोडला. सुटकेची किंमत इथेही बाईच्याच बाजूने मोजली गेली.

उलट दिशेचे देणे आले ते फौजदारी कायद्यातून. बायकामुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याने महिना जास्तीत जास्त ५० रुपये द्यावेत, अशी तरतूद १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. हेतू एवढाच, की टाकलेली बाई रस्त्यावर येऊ नये. १९२३ मध्ये ही मर्यादा १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या संहितेने कलम १२५ मध्ये घटस्फोटितेलाही हक्क दिला, पण केंद्रीय कायद्यातले ५०० रुपये २००१ पर्यंत हलले नाहीत. शिवाय अट होती, आणि आजही आहे : बाई स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ हवी.

इथे कोळीणीचे दुखणे सुरू होते. ती पाटी घेऊन बाजारात बसते, म्हणजे ‘समर्थ’ झाली का? घरच्या होडीचे म्हावरं बंद झाले, की तिला दुसऱ्याचा माल पैसे मोजून उचलावा लागतो. जागा तीच, गिऱ्हाईक तेच. भांडवल मात्र गेलेले. कमावत्या बायकोला केवळ कमाईमुळे पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आणि दोन्ही बाजूंनी मिळकत व देणी शपथेवर सांगावीत, असा दंडक घातला. हे पाऊल मोलाचे आहे. तरी मोजमाप गरजेचेच राहिले, वाट्याचे झाले नाही.

वाट्याचे माप फार दूर शोधावे लागत नाही. याच किनाऱ्यावर खाली गोव्यात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. वेगळे होताना निम्मी-निम्मी होते. तिथे बाईला आपली असमर्थता सिद्ध करावी लागत नाही. वरळीत होडी कोणाच्या नावावर आहे, ते कागद सांगतो. ती होडी कोणाच्या विक्रीतून उभी राहिली, हे विचारणारा रकाना आपल्या कायद्यात अजून यायचा आहे.