मृदुफळांची बिअर

बार्लीच्या माल्टपासून केलेल्या बिअरमध्ये रसाळ गराची मृदुफळे (बेरी) घालून आंबवलेले पेय. रासबेरी, ब्लॅककरंट यांच्याबरोबर आंबट चेरीही यात धरतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने चेरी बेरी नव्हे आणि केळे मात्र आहे. पण बिअर करणारे शास्त्राला विचारत बसत नाहीत.

ब्रुसेल्सजवळची लँबिक ही यातली सर्वांत नावाजलेली. तिला बाहेरून यीस्ट लावत नाहीत. माल्टचा उकळलेला काढा रात्रभर उघड्या, पसरट पात्रात निवत ठेवतात. हवेतले जीवाणू आणि यीस्ट पुढचे काम करतात. मग लाकडी पिंपात लिटरला साधारण २०० ग्रॅम आंबट चेरी पडली की ती ‘क्रीक’, रासबेरी पडली की ‘फ्रांब्वाझ’. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला या आपोआप आंबण्याचे नवल वाटणार नाही. शिंदीच्या झाडाला रात्री बांधलेल्या मडक्यातला रस पहाटे गोड असतो आणि ऊन चढेल तसा, कोणी काही न घालता, फेसाळून आंबट होतो. शिवेपलीकडे तेलंगणात ताडी-शिंदीला कल्लू म्हणतात.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ने केली. ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ या पुण्याच्याच कंपनीने मीठ घातलेली कोकमाची बिअर काढली. नाशिकच्या ‘सेराना’चे जांभळाचे पेय मधाचे आहे, बिअर नव्हे.

चव : फळातली साखर यीस्ट खाऊन टाकते, त्यामुळे गोडी जाते; आंबटपणा आणि तुरटपणा तेवढा उरतो. जांभळाने जीभ रंगते आणि तोंड आखडते, ते आखडणे बिअरमध्ये अधिकच जाणवते. म्हणून कडवट हॉप्स हात राखून घालतात. फळ उकळत्या काढ्यात टाकले तर वास वाफेबरोबर जातो आणि पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते. आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर ते घालणे बरे. बिअर आम्लधर्मी असल्याने जांभळा रंग तांबूस होतो, फेसही गुलाबी येतो.

अँटिऑक्सिडंट : साध्या बिअरमध्येही पॉलिफेनॉले असतात, बहुतेक माल्टमधली, थोडी हॉप्समधली. फळाने त्यांत अँथोसायनिन या रंगद्रव्यांची भर पडते आणि अँटिऑक्सिडंटचा प्रयोगशाळेतला आकडा वाढतो. पण ही द्रव्ये नाजूक. उष्णता, प्राणवायू, उजेड आणि साठवण यांनी ती घटतात. काही यीस्टला चिकटून गाळाबरोबर जातात. शिवाय परीक्षानळीतला आकडा म्हणजे शरीरातला गुण नव्हे, कारण पोटात गेलेल्यांपैकी फार थोडी रक्तात उतरतात. मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच मान्य झाले आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा ‘आरोग्यदायी बिअर’ ही विक्रेत्याची भाषा समजावी. अँटिऑक्सिडंटच हवे असतील तर पावसाच्या तोंडाला बाजारात येणारी जांभळे मीठ लावून खावीत.

अशी बिअर परवान्याशिवाय घरी करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा आहे.