माळव्याच्या अफूवरून दिसणारी अमेरिका

एकोणिसाव्या शतकात मराठी वाचकाच्या मनात अमेरिकेचे जे चित्र उमटले, ते बहुतांशी आदराचे होते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. आणि पंडिता रमाबाईंनी त्या देशात राहून आल्यावर 1889 मध्ये तेथील लोकस्थितीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हा आदर साधार होता. परंतु पुण्या-मुंबईची दृष्टी सोडून पवारांच्या धार-देवासकडे आले, म्हणजे त्याच राष्ट्राची आणखी दोन रूपे दिसू लागतात, आणि ती पाहावयाची तर माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या अफूपासूनच आरंभ करावा लागतो.

देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या, धारेत निराळी गादी होती. पण तिन्ही दरबारांच्या मुलखात विहिरीच्या पाण्यावरील उत्तम जमीन खसखशीलाच जाई आणि तिच्यावर सारा आकारलाही तसाच जड जाई. कार्तिकात पेरणी, माघ-फाल्गुनात दुपारी बोंडांना चिरा पाडणे, दुसऱ्या दिवशी सकाळी गळालेला चीक खरवडून जवसाच्या तेलात जमविणे, ही सारी रयतेची मेहनत. तिचे मोल मात्र बहुधा आगाऊ रक्कम देणारा सावकारच ठरवी. 1818-19 च्या तहांनंतर कंपनी सरकारने हा माल स्वतःच्या कबजात घेण्याचा खटाटोप करून पाहिला. माल कराची-दमणच्या आडवाटांनी जाऊ लागल्यावर, 1830 च्या सुमारास, तो नाद सोडून परवान्याचा महसूल घेऊन माल मुंबईस नेऊ देण्याचे धोरण तिने पत्करले. पेटीमागे 175 रुपयांपासून निघालेला हा महसूल, सिंध हाती आल्यावर आडवाट बंद झाल्याने, 1847 पर्यंत 400 रुपयांवर गेला. माल तोलून परवाना देण्यासाठी माळव्यात जे सरकारी कांटे बसविले गेले, त्यांतील एक धारेस होता.

मुंबईच्या बंदरातून ही पेटी चीनला जाई, आणि तेथे कँटनच्या व्यापारात इंग्रजांच्या जोडीला अमेरिकन पेढ्याही होत्या. त्यांनी आरंभी तुर्कस्तानची अफू नेली; पुढे रसेल आणि कंपनीसारख्या पेढीने हिंदुस्थानी अफूतही हात घातला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मातामह वॉरन डेलॅनो हे त्याच पेढीचे भागीदार. त्याच गावी ऑलिफंट नावाची दुसरी अमेरिकन पेढी धर्मबुद्धीने या मालाला शिवत नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. चीनशी झालेल्या 1844 च्या वांगश्याच्या तहात अमेरिकेने अफूचा व्यापार करणाऱ्या आपल्या नागरिकांस संरक्षण नाकारले, तरी व्यापार चालूच राहिला. 1880 च्या तहाने तो निषिद्ध ठरला.

यानंतरचे रूप अगदी वेगळे आहे. 1898 मध्ये फिलिपाइन्स बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली, आणि तेथील बिशप चार्ल्स ब्रेंट यांनी 1906 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अफूविरुद्ध आंतरराष्ट्रीय परिषद भरविण्याची विनंती केली. 1909 मध्ये शांघायला तेरा राष्ट्रांचा आयोग बसला, ब्रेंट त्याचे अध्यक्ष झाले, आणि 1912 मध्ये हेग येथे करार झाला. चीनमधील निर्मूलनाची चळवळ व 1907 चा इंग्रज-चिनी करार हे स्वतंत्रपणे चालू होते, म्हणून सारे श्रेय एकट्या अमेरिकेला देता येत नाही. शिवाय चिनी लोकांना देशात येऊ न देणाऱ्या कायद्यांमुळे 1905 मध्ये चीनमधील लोकांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घातला होता, आणि चीनचा सद्भाव परत मिळविण्याची गरज वॉशिंग्टनला जाणवत होती. तथापि केवळ स्वार्थ म्हणून ब्रेंट यांची कळकळ झिडकारणे मला अन्यायाचे वाटते. ज्या राष्ट्रात रसेल आणि ऑलिफंट दोघे निपजले, त्याच राष्ट्राने धर्मबुद्धी आणि व्यवहारबुद्धी एकाच राजकारणात नांदविल्या. त्यांतील एकीवरूनच त्याचा स्वभाव ठरविणारे, स्तुतिपाठक असोत वा निंदक, अर्धाच दाखला वाचतात.

माळव्याला मात्र या वादात बोलण्याची संधी कधी मिळालीच नाही. शांघायच्या मेजापाशी देशी संस्थानांना निराळे आसन नव्हते. छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळाने आधीच खचलेल्या या मुलखातून चीनकडे जाणारा माल 1913 पर्यंत थांबला. दरबारांचा महसूल आटला, आणि मळ्यातला शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळला. व्यापार थांबला हे निःसंशय इष्ट झाले. पण तो थांबविण्याची किंमत कोणी भरली, हा हिशेब ना अमेरिकेच्या इतिहासकारांनी फारसा मांडला, ना आपण.

माळव्यातील ज्या मराठी घराण्यांकडे त्या काळच्या मोडी वह्या, हुंड्या आणि परवाने अद्याप पेटाऱ्यांत पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता अभ्यासकांच्या हाती द्यावेत, एवढी माझी विनंती आहे.